भिंती तुमच्या, जमीन देवाची

कुंभकोणम्‌च्या आसपास जुनं घर घ्यायला निघालेल्या माणसाबरोबर जाणता मध्यस्थ असेल, तर घर किती वर्षांचं, तुळया सागाच्या का, विहिरीला पाणी किती, हे तो नंतर विचारू देतो. आधी एकच चौकशी करायची असते: अडिमनै कुणाची? अडि म्हणजे तळ, मनै म्हणजे घराची जागा. पट्टीश्वरम्‌सारख्या देवळाभोवती वसलेल्या गावात भिंती, छप्पर, दारं-खिडक्या एका कुटुंबाच्या आणि त्या भिंतींखालची जमीन देवस्थानाची किंवा एखाद्या मठाची, अशी वाटणी असू शकते. घरवाला जमिनीचं भाडं भरतो, देवस्थान पावती देतं. अशा घराचा व्यवहार होतो तेव्हा विटा, लाकूड आणि राहण्याचा अधिकार एवढंच हातातून हातात जातं. पागडीच्या खोलीत वाढलेल्या मुंबईकराला हे लगेच उमजेल.

जुनं घर घ्यायचं, ते दुरुस्त करून किंवा पाडून नव्यानं बांधायचं आणि त्यातून पैसा उभा करायचा, ही आज आपल्याला रोजची गोष्ट झाली आहे. पुण्याच्या पेठांत, मुंबईच्या चाळींत, गोव्यातल्या ओसाड पडलेल्या मोठ्या घरांत ती चालू आहे. तिचा माग मला पट्टीश्वरम्‌पासून काढावासा वाटला. कारण घर म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाची हजार वर्षांची लेखी उत्तरं या पंचक्रोशीत सापडतात, आणि त्यांतलं एक उत्तर मराठी राज्यात दिलं गेलेलं आहे.

पट्टीश्वरम् हा चोळांच्या पळैयारै या राजधानीचा भाग. आजच्या तमिळ कानाला पळैयारै हे नाव ‘जुनी खोली’ असंही ऐकू येतं. भोवतीच्या चार वस्त्यांच्या नावांत अजून ‘पडैवीडु’ टिकून आहे: आरियप्पडै, पंपैप्पडै, पुदुप्पडै, मणप्पडै. पडै म्हणजे सैन्य, वीडु म्हणजे घर. चोळांच्या फौजेचे तळ तिथं होते. दारासुरम्‌च्या बाजूनं येताना चोळन्‌माळिगै नावाचं गाव लागतं. चोळाचा वाडा, असा त्याचा सरळ अर्थ. वाडा मात्र कुठंच नाही. पट्टीश्वरम्‌च्या तेनुपुरीश्वराच्या देवळातली प्रसिद्ध दुर्गा त्या वाड्यातून आली, असं गावाची परंपरा सांगते. राजेंद्र चोळानं पंचवन्‌मादेवी या राणीच्या स्मरणार्थ बांधलेलं देऊळ इथंच उभं आहे, कारण ते दगडी आहे. दगड देवासाठी आणि गेलेल्या माणसासाठी. जिवंत माणसानं, मग तो राजा का असेना, वीट, लाकूड आणि मातीत राहायचं. घर झिजणार, पडणार आणि त्याच जागी पुन्हा उभं राहणार, हे धरूनच बांधलेलं असायचं. टिकायचा तो जागेवरचा हक्क.

तो हक्क कसा असे हे तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेलं आहे. 1014 च्या सुमाराचा तो लेख. राजराज चोळानं ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे देवदासी तंजावरला आणून वसवल्या, त्यांची एकेक करून नोंद त्यात आहे. कोणता रस्ता, रस्त्याची कोणती बाजू, कितवं घर, त्या घरात राहणारीचं नाव आणि ती कोणत्या गावच्या देवळातून आली. पळैयारैच्या देवळांतून आलेल्याही त्यात आहेत. प्रत्येकीला एक घर आणि एक पंगु. पंगु म्हणजे वाटा: वर्षाला शंभर कलम भात. पुढची अट मला त्या यादीपेक्षाही महत्त्वाची वाटते. एखादी वारली किंवा गाव सोडून गेली, तर तिच्या जवळच्या नातलगानं तो वाटा घ्यावा आणि सेवा करावी. नातलग त्या सेवेला योग्य नसेल तर त्यानं दुसरी योग्य व्यक्ती नेमावी. घर, भात आणि देवळातलं काम हे एकाच दोरात वळलेले तीन पेड होते. घर मोकळं करून विकावं, हा विचार त्या लेखात बसूच शकत नाही.

चोळ गेले, नायक आले. नायकांचा मंत्री गोविंद दीक्षित याचा पट्टीश्वरम्‌शी जवळचा संबंध. त्याची आणि त्याची पत्नी नागांबा हिची मूर्ती इथल्या देवळात आहे. कुंभकोणम्‌च्या महामहम् तळ्याभोवतीचे सोळा मंडप त्यानं बांधले आणि कर्नाटक संगीतातल्या 72 मेळांची मांडणी करणारा व्यंकटमखी हा त्याचा मुलगा. बाहेरून आलेल्या विद्वानाला गावात रुजवायचं तर घर आणि जमीन जोडीनं द्यायची, ही पद्धत त्या काळातही चालू राहिली.

मग 1676 च्या आगेमागे व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतलं. त्यांचा मुलगा शहाजी यानं 1693 साली कुंभकोणम्‌च्या ईशान्येला कावेरीकाठचं तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं आणि गावाला शहाजिराजपुरम् हे नाव पडलं. श्रीधर अय्यावाळ, रामभद्र दीक्षित हे संस्कृत पंडित तिथलेच. दान मिळालं ते गाव म्हणून: राहायला जागा आणि शेतीत वाटा. भोसल्यांच्या कारभारात आणि पुढं कंपनीच्या दप्तरात या वाट्याला ‘मिरास’ म्हणू लागले. शब्द अरबीतून आलेला, वारसा या अर्थाचा. आपल्याकडे मिरासदार म्हणजे गावात पिढीजात जमीन कसणारा, आणि ज्याला तो हक्क नाही तो उपरी. कावेरीच्या खोऱ्यात त्याला आधीपासून काणियाट्चि म्हणत. पण तमिळ माणसानं मिरास इतका आपलासा केला की ‘मिरासुदार’ म्हटलं की आजही डोळ्यासमोर तंजावरचा जमीनदार उभा राहतो. कंपनीचा मद्रासचा कलेक्टर एलिस यानं या मिराशीवर प्रश्नोत्तरांचा एक मोठा अहवाल लिहिला, तो 1818 साली छापला गेला. मिराशीत शेताबरोबर राहत्या घराची जागा, परसू, गावच्या पडीक जमिनीत आणि तळ्यात वाटा, असं बरंच काही येई. काही गावांत तर शेतं ठरावीक वर्षांनी वाटेकऱ्यांमध्ये फिरत असत. घराची जागा मात्र फिरत नसे.

ज्या घराबद्दल आपण बोलतो आहोत ते जरा आत जाऊन पाहायला हवं, कारण पुढचा सगळा व्यवहार त्याच्या रचनेवर अडतो. अग्रहारातलं घर रस्त्याला अरुंद आणि मागे लांबच लांब. आधी तिण्णै, म्हणजे दाराच्या दोन्ही अंगांना बांधलेले ओटे. मग जड चौकटीचं दार, आत रेळि नावाचा बोळकंडीसारखा भाग, मग कूडम्, घराचं मुख्य दालन. त्याच्या मध्ये किंवा पुढं आभाळाला उघडा मुट्रम्, म्हणजे आपला चौक, आणि भोवती उतरत्या छपराचं ताळ्वारम्. पुढं स्वयंपाकघर, त्यामागे कोल्लै, म्हणजे परसू: विहीर, गोठा, नारळ, केळी. रस्त्यावरून पाहिलं तर नजर सरळ परसापर्यंत जाते. वारा आणि उजेड तसेच जातात. ओटी, पडवी, माजघर, चौक, परसू हा क्रम ज्याच्या मनात आहे त्याला हे घर अनोळखी वाटणार नाही.

दोन घरांमध्ये भिंत एकच. एकाचे वासे एका बाजूनं तिच्यावर टेकलेले, शेजाऱ्याचे दुसऱ्या बाजूनं. म्हणून मधलंच एक घर पाडलं की शेजारच्याची भिंत उघडी पडते, पावसाळ्यात भिजते, कधी बाहेर झुकते. एका गुंतवणूकदाराच्या नफ्याचा खर्च शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्यानं भरायचा, हे माझ्या मते या धंद्यातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी बोललं गेलेलं नुकसान आहे.

तिण्णैवर हक्क कुणाचा? बांधली घरवाल्यानं, पण वापरायची वाटसरूनं, पाठ म्हणणाऱ्या मुलांनी, दुपारी टेकलेल्या भाजीवालीनं. घर तिथून सुरू होत असे आणि रस्ता तिथपर्यंत येत असे. एवढा भाग घरवाला जगाला देऊन टाकत असे. अर्थात ‘जगाला’ हा शब्द इथं जपून वापरायला हवा. अग्रहाराच्या रस्त्यावरून सगळ्यांना चालता येत नव्हतं, तर तिण्णैवर बसणं दूरच. मिरासदाराच्या शेतांत राबणाऱ्यांची घरं वेगळ्या सेरीत, म्हणजे वस्तीत, कुडाची आणि शाकारलेली. त्यांच्या झोपडीखालची जमीनही मिरासदाराची. काम सुटलं की घर सुटलं. चोळ लेखातली घर आणि सेवेची गाठ इथं गळफास होऊन आली होती. 1952 साली तंजावरच्या पण्णैयाळांना, म्हणजे सालगड्यांना, संरक्षण देणारा कायदा झाला. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीला मजुरीच्या तंट्यातून 44 दलितांना एका झोपडीत जाळून मारलं गेलं. त्यात बायका आणि मुलंच जास्त होती. 1971 साली तमिळनाडूनं कुडियिरुप्पु कायदा केला आणि शेतमजूर, कारागीर ज्या जागेवर राहत होते ती जागा त्यांच्या मालकीची केली. जुन्या घरांच्या आठवणी काढणाऱ्या लेखांत हे साल सहसा दिसत नाही. माझ्या मते घराच्या या वंशावळीतली ती सर्वांत मोठी तारीख आहे. त्या दिवसापर्यंत या खोऱ्यातल्या फार मोठ्या संख्येच्या माणसांकडे विकायला सोडाच, दुरुस्त करायलाही स्वतःचं घर नव्हतं.

मिरासदाराच्या घराचे धागे त्याआधीच उसवायला लागले होते. 1799 च्या तहानं तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. 1858 साली मद्रास इलाख्यात इनाम कमिशन बसलं. जुन्या दानांची छाननी झाली आणि ठरावीक आकार भरून ती कायम करून घेता आली. आपल्याकडच्या इनाम कमिशनची झळ दक्षिण महाराष्ट्राला माहीत आहे. कागद हाती आला तसं सेवेशी बांधलेलं दान हळूहळू साध्या मिळकतीसारखं दिसू लागलं. 1854 साली कुंभकोणम्‌ला सरकारी शाळा निघाली, पुढं तिचं कॉलेज झालं. 1870 च्या दशकात आगगाडी आली. शिकलेली मुलं मद्रासला गेली, मग मुंबईला. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं आखलेल्या माटुंग्यात जी दक्षिणी वस्ती झाली तिच्यात तंजावर-कुंभकोणम्‌ची कुटुंबं होतीच. घरी मनिऑर्डर येऊ लागली आणि त्या पैशातून घरं नव्यानं बांधली गेली.

आज ‘दोनशे वर्षांचं’ म्हणून दाखवलं जाणारं घर म्हणूनच पुष्कळदा या मनिऑर्डरच्या काळातलं असतं. जागा जुनी, विहीर जुनी, वरचं बांधकाम नवं. लाकूड ब्रह्मदेशचा साग, जो 1942 साली जपान्यांनी रंगून घेईपर्यंत बोटीनं येत होता. कौलं मंगळुरी, ज्यांचा पहिला कारखाना बासेल मिशननं 1865 साली काढला. गच्ची ‘मद्रास टेरेस’ची: सागाच्या तुळयांवर विटा काटकोनात न लावता तिरप्या, कडेवर उभ्या करून चुन्यात बसवायच्या, वर वीटचुरा आणि चुन्याचा थर कुटायचा, त्यावर पातळ विटा. आपल्या कडीपाटाचा हा दक्षिणेकडचा भाऊ. पुनर्बांधणी करून मिळकत वाढवणं ही आजची कल्पना नव्हे, हे या घरांकडे पाहून मान्य करावं लागतं. फरक इतकाच की आजोबांनी नवं बांधलं ते राहण्यासाठी.

स्वातंत्र्यानंतर उरलेले पेड सुटले. कमाल जमीनधारणा आधी 30 प्रमाण एकर, 1970 साली 15. 1963 च्या कायद्यानं छोटी इनामंही संपली. शेतं गेली, पौरोहित्य परवडेना, आणि माणसं शहरांत, मग परदेशांत गेली. पंगुतलं भात गेलं, सेवा गेली, उरली नुसती वास्तू. तिलाच किंमत लावता येऊ लागली. 1989 साली तमिळनाडूनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला. महाराष्ट्रानं 1994 साली. न्यायाचा हा बदल झाला, आणि घर विकायला सगळ्या बहिणींच्या सह्याही लागू लागल्या. एक नातू बोस्टनला, एक आत्या बेंगळुरूला, एक शाखा सापडतच नाही. मधल्या काळात गच्चीत पिंपळ रुजतो आणि घर कुणी पाडायच्या आधी पाऊसच ते पाडतो.

जे विकलं जातं त्याच्या बहुतेकदा तीन वाटा असतात. पहिली सुट्या भागांची. खांब, कोरीव चौकट, झोपाळ्याची पितळी साखळी, भाताचं पत्तायम्, म्हणजे लाकडी कोठी, वेगळं काढायचं. चेट्टिनाडच्या कारैकुडीत अशा वस्तूंचा सबंध बाजार आहे. तंजावरच्या घराचं दार चेन्नईच्या एखाद्या हॉटेलात स्वागतकक्षाचं टेबल होतं. घर जिवंत असताना त्याचे अवयव अधिक किमतीचे ठरतात, हे पाहणं कष्टाचं आहे.

दुसरी वाट काँक्रीटची. जुनं पाडून सपाट गच्चीचं घर, पुढं मोटार उभी करायला जागा, म्हणजे तिण्णै गेली. मात्र राहत्या माणसानं हे केलं तर मी त्याला दोष देणार नाही. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढत गेला आणि तिण्णैच्या पायऱ्या एकेक करून रस्त्याखाली गेल्या. मग पावसाचं पाणी घरात. तमिळनाडूत जॅक लावून अख्खं घर दोन-तीन फूट उचलून देणारे ठेकेदार आहेत, इतका हा त्रास सार्वत्रिक आहे. 2021 साली राज्य शासनानं जुना थर खरवडून मगच नवा घालावा असा आदेश काढला, तो या घरांना पुष्कळ उशिरा मिळाला. दारासुरम्‌च्या ऐरावतेश्वराजवळ तर वेगळीच अडचण: संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरला परवानगी लागते. तिथं दुरुस्तीसाठीही अर्ज करावा लागतो.

तिसरी वाट दुरुस्तीची. स्वामीमलैजवळ तिम्मकुडीला 1896 सालच्या एका घराभोवती पाहुण्यांसाठी आख्खं ‘जुनं गाव’ उभं केलेलं आहे, आणि तसे निवास आता या भागात बरेच झाले आहेत. पाहुण्याला प्रत्येक खोलीला जोडलेलं न्हाणीघर लागतं, म्हणून ताळ्वारम् कापलं जातं. पाऊस आत नको म्हणून मुट्रम्‌वर पारदर्शक पत्रा येतो आणि ज्यासाठी मुट्रम् होता ती हवाच अडते. तरीही पाडण्यापेक्षा हे पुष्कळ बरं, असं माझं मत आहे, फक्त एका अटीवर: चुना यायला हवा. चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतली ओल ओढते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि काही वर्षांत विटेचा भुगा होऊ लागतो. घर ‘नवं’ दिसत असतानाच आतून मरत असतं. खड्ड्यात विरवलेला चुना, वाळू, गूळ आणि हिरड्याचं पाणी हे प्रमाण जाणणारा कोत्तनार, म्हणजे गवंडी, मिळणं हेच आज या धंद्यातलं खरं भांडवल आहे. तो वयस्क असतो आणि त्याच्याबरोबर शिकणारं कुणी असतंच असं नाही.

चौथी वाट विरळा, पण कुंभकोणम्‌लाच आहे. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं श्रीनिवास रामानुजन यांचं घर. छोटंसं, तिण्णै, कौलं, आत अंधारं कूडम्. ‘शास्त्र’ विद्यापीठानं ते घेतलं आणि 2003 पासून ते संग्रहालय म्हणून जपलं आहे. रस्त्याकडेची खिडकी, तिच्याशी लावलेला पलंग, आणि बाकी जवळजवळ काही नाही. त्याच रस्त्यावर तशीच घरं होती. त्यांत कुणी रामानुजन वाढला नाही म्हणून ती कुणी जपली नाहीत. आपल्याकडं 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं वाड्यांचं भाडं गोठवलं आणि मालकाचा दुरुस्तीतला रस संपला, म्हणून पुण्यातले वाडे कोसळले असं आपण म्हणतो. इथं भाडेकरू नव्हता, राहणारंच कुणी नव्हतं. कारण वेगळं, पडलेली भिंत सारखीच.

आणि सगळ्या वाटा शेवटी पुन्हा त्या पहिल्या प्रश्नापाशी येतात. 1921 च्या मद्रास शहर कुळ संरक्षण कायद्यानं दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःचं घर बांधणाऱ्याला ती जमीन विकत मागण्याचा मार्ग दिला होता. तो पुढं इतर शहरांनाही लागू झाला. 1996 साली देवस्थानांच्या जमिनी त्यातून वगळल्या गेल्या. 1959 च्या धर्मादाय कायद्याच्या 34 व्या कलमानुसार देवळाची जमीन विकायला किंवा पाच वर्षांहून अधिक काळ भाड्यानं द्यायला आयुक्तांची मंजुरी लागते. देवाची मालमत्ता कुणी गिळू नये म्हणून हे हवंच. कावेरीकाठी ती किती गिळली गेली आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण भाडं बाजारभावानं वाढवण्याची नोटीस आली की ती भरताना पेन्शनवरची विधवा आणि आठ खोल्यांचा निवास चालवणारा गुंतवणूकदार एकाच रांगेत उभे राहतात. श्रीरंगम्‌ला अडिमनैचा वाद म्हणूनच इतकी वर्षं पेटता आहे. राहणाऱ्याला एक दर आणि कमावणाऱ्याला दुसरा, एवढा फरक तरी व्हायला हवा असं मला वाटतं.

व्यवहार होतो त्या दिवशी नोंदणी कार्यालयात मूळपत्र, वारसदाखला, बोजा नसल्याचा दाखला असा गठ्ठा टेबलावर येतो. खरेदीखतात चारही सीमा लिहिल्या जातात: पूर्वेला कुणाचं घर, पश्चिमेला कुणाचं, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला परसामागचा बोळ. 1014 च्या लेखातही घर असंच, रस्ता आणि बाजू सांगून, ओळखलं होतं. खतात पुढं दारं-खिडक्या येतात, विहीर येते, वीजजोडणी आणि तिची अनामत येते. विजेचं बिल त्या महिन्यापासून नव्या मालकाच्या नावानं निघू शकतं. देवस्थानाची पावती मात्र पुष्कळदा तशीच येत राहते, तीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावानं.